बाबांच्या मशीनमधली हरवलेली डिस्क

आईची नजर मधूनच गेली. मधून म्हणजे अगदी मधोमध. समोर बसलेल्या माणसाचा चेहरा तिला दिसत नाही, पण त्याच्या मागची भिंत आणि भिंतीवरचं कॅलेंडर दिसतं, असं ती सांगते. डॉक्टरांनी तिला काय झालंय ते नीट समजावून सांगितलं आणि हे परत येणार नाही, असंही सांगितलं. घरी येताना ती बाबांना एवढंच म्हणाली, "म्हणजे आता पुस्तक गेलं."

दुसऱ्या दिवसापासून बाबा तिला वाचून दाखवू लागले.

ते जवाहरनगरच्या कारखान्यात इलेक्ट्रिकल विभागात होते. निवृत्तीनंतर आम्ही तिथलं क्वार्टर सोडून जवळच शहापुरात घर बांधलं. मी भंडाऱ्याला कॉलेजात शिकवते, लग्न केलं नाही, त्यामुळे याच घरात राहिले. घर हायवेपासून लांब नाही. संध्याकाळी बाबा वाचायला बसले की ट्रकांचे हॉर्न मध्ये यायचे आणि आईची एखादी ओळ निसटायची. ती म्हणायची, "पुन्हा वाचा." ते पुन्हा वाचायचे. शेवटी त्यांनी मागच्या खोलीत, खिडकी लावून, पहाटे वाचायचं आणि ते रेकॉर्ड करायचं असं ठरवलं. म्हणजे दुपारी ते झोपले तरी आईला ऐकता येईल, आणि हवं तितक्या वेळा पुन्हा ऐकता येईल.

एकदा रेकॉर्ड केलं की ते जपणं आलं. बाबांनी जुना कॉम्प्युटर घेऊन त्याचा सर्व्हर केला. घरात आम्ही त्याला नुसतं 'मशीन' म्हणतो. त्यात दोन डिस्क बसवल्या. दोन्हींचा मिळून एक गट केला. त्या गटाला व्हॉल्यूम ग्रुप म्हणतात, हे मला त्यांनीच शिकवलं. गटातल्या जागेचे आपल्याला हवे तसे भाग पाडायचे, आणि भाग करताना त्याचा मिरर ठेव असं सांगितलं, की त्यात जे जे लिहिलं जाईल ते दोन्ही डिस्कवर हुबेहूब उमटतं. एक डिस्क गेली तरी दुसरीवर सगळं असतं.

"घरात दोन माणसं काहून पायजे?" बाबा मला विचारायचे आणि उत्तरही स्वतःच द्यायचे. "एक पडलं त दुसऱ्यानं उचलाले."

"मग तिसरं कायले आहे?" मी विचारायची.

"तिसरं बिल भराले."

मशीनला त्यांनी स्पीकर जोडला आणि एक छोटा रिमोट. रिमोटच्या बटणांवर आईच्या टिकल्या चिकटवल्या: वरच्या रांगेत मोठ्या, खालच्या रांगेत बारीक. बोटाने चाचपून तिला कोणतं पुस्तक ते कळायचं. दुपारची भांडी झाली की ती आरामखुर्चीत बसायची आणि आतल्या खोलीत झोपलेल्या माणसाचा आवाज बाहेरच्या खोलीत ऐकायची.

ते नुसतं वाचन नव्हतं. बाबा वाचता वाचता थांबून लेखकाशी भांडायचे. एका कादंबरीत नायक उपाशीपोटी लांबचं अंतर चालत जातो आणि लगेच प्रेमाचं लांबलचक बोलतो. तिथे बाबांचा आवाज येतो, "हे खोटं हाय. भुकेला माणूस आधी पाणी मागते." एका ठिकाणी दूध उतू जातं. आमचंच. ते ऐकून खुर्चीत बसलेली आई आजही स्वयंपाकघराकडे तोंड वळवते.

गेल्या उन्हाळ्यात बाबा गेले. त्याआधी काही महिने ते बरे नव्हते, पण पहाटेचं वाचन त्यांनी सोडलं नव्हतं. शेवटी हातात घेतलेलं पुस्तक जाडजूड होतं. नदीच्या काठाकाठाने पायी केलेल्या प्रवासाचं. आईचं माहेर बपेऱ्याचं, नदीच्या अंगाखांद्यावर वाढलेली ती, म्हणून ते पुस्तक त्यांनी मुद्दाम मागवलं होतं. पूर्ण वाचून झालं की मगच ऐकीन, असं आई म्हणाली होती.

ते गेल्यावर आईने दुपारचं ऐकणं थांबवलं नाही. मला वाटलं होतं, थांबवेल. उलट ती सगळी पुस्तकं पुन्हा पहिल्यापासून ऐकू लागली. फक्त शेवटच्या टिकलीला हात लावत नव्हती. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "राहू दे. सरलं म्हणजे सरलं."

होळी झाली. ऊन चढायला लागलं. वर्षश्राद्ध जवळ आलं तसं एका दुपारी, मी पेपर तपासत होते, आईने हाक मारली. "पोरी, हे वाजून नाही राहिलं."

मी रिमोट हातात घेतला. बाकीची सगळी बटणं चालत होती. शेवटचं दाबलं की स्पीकर गप्प. मी पुन्हा दाबलं. आई हात मांडीवर ठेवून बसली होती. "मी जपून ठेवलं होतं," ती म्हणाली. तिला बाबांचं न ऐकलेलं एवढंच उरलं होतं, आणि ते तिथे नव्हतं.

संध्याकाळी मी मशीनसमोर बसले. त्याच्या आत काय चाललंय हे मी बाबा गेल्यापासून पाहिलंच नव्हतं. पाहिलं तर पडद्यावर पहिल्याच ओळीत इशारा: गटातली एक डिस्क सापडत नाही. यादीत तिच्या जागी नाव नव्हतं, फक्त लांबलचक खूणक्रमांक, आणि पुढे शब्द: मिसिंग.

मशीन तिला मेलेली म्हणत नाही, हे माझ्या लक्षात आलं. त्याला ते ठाऊक नसतं. गटात दोघी होत्या, आता एक दिसत नाही, एवढंच त्याला कळतं. आणि जोवर कुणी येऊन तिला गटातून काढत नाही, तोवर ते प्रत्येक वेळी तिला शोधतं आणि प्रत्येक वेळी तेच सांगतं. मी बराच वेळ त्या ओळीकडे पाहत राहिले. रेशनकार्डावरून बाबांचं नाव काढताना मी इतकी थांबले नव्हते.

रविवारी सकाळी काकांना बोलावलं. काका म्हणजे बाबांचे कारखान्यातले जोडीदार. एकाच विभागात, एकाच पाळीला, एकाच बसने गेलेले. मशीन दोघांनी मिळून बांधलेलं. मागच्याच गल्लीत राहतात. आमच्याकडे दसऱ्याला आणि त्यांच्याकडे बुद्धपौर्णिमेला एकमेकांची पोरं जेवत वाढली. काका स्कूटर लावून आत आले आणि चप्पल काढता काढता म्हणाले, "काय वहिनी, माह्या दोस्ताच्या मशीनले काय केलं?"

"मी काय करतो भाऊजी, मले दिसते का?" आई म्हणाली.

काकांनी चष्मा कपाळावर चढवून पडदा वाचला. "डिस्क गेली. जुनी होती, तिचं आयुष्य झालं. काढून टाकू. गट मोकळा झाला म्हणजे मशीन किरकिर नाही करणार. आरसा होताच, दुसरीवर सारं असंल."

"मग शेवटचं पुस्तक का वाजत नाही?"

"अटकलं असंल कुठं. ही निघाली का वाजंल."

मी कमांड टाइप केली: हरवलेली डिस्क गटातून काढ. मशीनने ऐकलं नाही. गटातले काही भाग अजून त्या डिस्कवर आहेत, म्हणालं, आणि तरी काढायचीच असेल तर जोर लावून काढता येईल, तो शब्द असा असा.

"लाव मग जोर," काका म्हणाले. "सरकारी कागदासारखं हाय हे. पयल्यांदा नाहीच म्हणते."

मी तो शब्द टाइप केला. बोट एंटरवर होतं, पण दाबलं नाही. काही भाग म्हणजे कोणते, ते मला पाहायचं होतं.

"काहून थांबली?"

"एकदा यादी बघते काका."

"वहिनी, हे पोरगी अशीच हाय बरं. लहानपणी बिस्किटाच्या पुड्यावरचं सारं वाचल्याशिवाय बिस्किट नाही खाये."

"तुमचा पोरगा कागदासकट खाये," आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

मी जोराचा शब्द पुसला आणि भागांची यादी मागवली, कोणता भाग कोणत्या डिस्कवर आहे त्यासकट. जुन्या पुस्तकांचा भाग मोठा. त्याच्या दोन प्रती, एक सापडणाऱ्या डिस्कवर, एक हरवलेलीवर. तो सुरक्षित होता. त्याच्याखाली एक लहान भाग. बाबांनी त्याला नाव दिलं होतं 'नदी'. त्याची प्रत एकच होती, आणि ती हरवलेल्या डिस्कवर.

काका पुढे वाकले. "याले आरसाच नाही लावला त्यानं."

मिरर नंतरही लावता येतो. आधी भाग करायचा, वाचन सुरू करायचं, मग सवडीने आरसा जोडायचा. बाबांनी ते नंतरवर ठेवलं असणार. त्या दिवसांत ते फार दमायचे. बहुतेक पहाटे त्यांच्याकडे एकाच कामाची ताकद असायची, आणि त्यांनी ती वाचनाला दिली.

मी जोर लावला असता तर मशीनने हरवलेली डिस्क काढली असती आणि तिच्याबरोबर, ज्याची दुसरी प्रत नाही तो भागही यादीतून पुसला असता. काही न विचारता. काकांनी चष्मा उतरवून धोतराच्या सोग्याने पुसावा तसा शर्टाच्या टोकाने पुसला आणि खुर्चीत टेकून बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "बरं झालं तू वाचत बसते ते."

"पण डिस्क गेलीच असेल तर?"

"तं गेलंच." मग हळू आवाजात, आईला ऐकू जाऊ नये म्हणून, "पाहू तं. मेली का नाही हे डोळ्यानं पाहिल्याशिवाय कायले म्हणावं."

मशीन बंद करून आम्ही बाजूचं झाकण काढलं. काकांनी मोबाईलचा उजेड आत मारला. वरची डिस्क होती तशी होती. खालच्या डिस्कवर, धातूच्या पत्र्यावर, हळदीचं पिवळं बोट आणि त्यावर वाळलेलं कुंकू. आणि डिस्क व तिच्या खाचेच्या मध्ये खोचलेलं, वाळून तपकिरी झालेलं आपट्याचं पान. पानाच्या देठाजवळ डिस्कची केबल अर्धी बाहेर आली होती.

काकांनी उजेड पानावर धरून ठेवला.

दर दसऱ्याला बाबा मशीनची पूजा करायचे. कारखान्यात आयुष्यभर केली तशीच. आधी मशीन बंद करायचं, प्लग काढायचा, झाकण उघडून ब्रशने धूळ झाडायची, मग हळदीकुंकवाचं एक एक बोट आणि आपट्याचं पान. संध्याकाळी पान काढून मगच मशीन सुरू. काका त्यांना चिडवायचे, "नवरी हाय का हे? हळद लावून राहिला." बाबा म्हणायचे, "तुह्या हातानं सोल्डर केलेलं मशीन हाय, देवाच्या भरवशावरच चालते." पण हे सगळं आधीच्या वर्षांचं. बाबा गेल्यानंतरचा दसरा आम्ही केला नव्हता. घरातलं माणूस गेलं की वर्षभर सण करत नाहीत. पुरणाचा स्वयंपाक नाही, तोरण नाही, कुणाला सोनं द्यायला जायचं नाही. त्या दिवशी मी कॉलेजातल्या एका मैत्रिणीकडे गेले होते, आणि आई दिवसभर घरी एकटी होती.

मी पान हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात गेले. आई चिन्नोरचे तांदूळ निवडत होती, बोटांनी चाचपून. पान मी तिच्या तळहातावर ठेवलं. तिने ते दोन बोटांत धरलं, आणि तिला कळलं.

"सण नाही केला मी," ती म्हणाली. "घरात दिवा बी जास्तीचा नाही लावला. फक्त मशीनले हळद लावली."

"मला का नाही सांगितलं?"

"तू नाही म्हटली असती. वर्ष झालं नव्हतं." ती थांबली. "तुह्या बाबानं एक बी साल चुकवलं का? मले वाटलं, त्याचं मशीन तसंच राहून जाईल. झाकण कुठून निघते ते मले ठावं हाय, मीच धरून राहत होती दरसाली. संध्याकाळी पान काढाचं राहून गेलं. खोचताना काही लागलं का?"

"केबल सैल झाली."

तिच्या हातातले तांदूळ सुपात पडले. "म्हणजे ते माह्याच हातानं गेलं."

मागून काका आले. ते आईच्या समोर खाली बसले आणि म्हणाले, "वहिनी, नीट ऐका. तुमी ते पान खोचलं म्हणून ते डिस्क इतके महिने बंद राहिली. जुनी होती ते. चालू असती तं दिवाळीतच झिजून गेली असती. तुमी तिले झोपवून ठेवलं."

हे खरं की खोटं, मला आजही सांगता येणार नाही. काकांनाही ते तेव्हा माहीत नव्हतं. आईने त्यांच्याकडे, म्हणजे त्यांच्या बाजूच्या भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाली, "भाऊजी, तुमी खोटं बोलले का तुमचा आवाज गोड होते."

"मग आता कडू बोलतो. चहा द्या."

केबल नीट दाबून बसवली. मशीन सुरू केलं. डिस्क फिरू लागल्याचा आवाज आला, आणि त्याच्यामागे एक बारीक टकटक. काकांनी कान लावला. "तब्येत बरी नाही हिची. लवकर करू."

डिस्क आता दिसत होती, पण गट तिला अजून हरवलेलीच धरत होता. इतके दिवस नसलेलं माणूस दारात आलं तरी घर त्याला लगेच आत घेत नाही, तसं. ही आपलीच, हिला परत घे, असं त्याला वेगळ्या कमांडने सांगावं लागतं. ते सांगितलं. मग 'नदी' उघडली. फाइलींची यादी पडद्यावर खाली खाली जात राहिली. काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि काढला.

आरशाच्या जुन्या प्रती जुळवत बसायला वेळ नव्हता. आधी सगळी 'नदी' माझ्या लॅपटॉपवर उतरवून घेतली. मग तो भागच्या भाग दुखऱ्या डिस्कवरून चांगल्या डिस्कवर सरकवायला लावला. त्याला दुपार लागली. काका जेवायला थांबले. आईने लाखोरीच्या डाळीचे वडे केले होते, काका खात होते आणि मध्येच उठून टकटक ऐकून येत होते. "चालून राहिली," प्रत्येक वेळी सांगायचे. "चालून राहिली बिचारी." आई विचारत नव्हती, पण ते उठले की तिचा हात ताटात थांबायचा.

भाग सरकून झाला तेव्हा मी फाइली एकेक करून तपासल्या. लॅपटॉपवर होत्या, चांगल्या डिस्कवर होत्या. काका घरी गेले. नवी डिस्क नागपूरहून मागवतो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन पुन्हा तेच सांगत होतं, एक डिस्क सापडत नाही. या वेळी केबल घट्ट होती. डिस्क फिरतच नव्हती. मी फोन केला तर काका म्हणाले, "गेली म्हणजे. तुमची वाट पाहून गेली. काढ आता."

कॉलेजला सुट्टी घेतली. आई माझ्या शेजारी वेताच्या मोड्यावर येऊन बसली. मी काय करते आहे ते ती मला मोठ्याने सांगायला लावत होती, म्हणून मी सांगत होते. आधी जुन्या पुस्तकांच्या भागाला सांगितलं, की आता तुझी एकच प्रत आहे, दुसरीची वाट पाहू नकोस. ते त्याने ऐकलं. मग यादी पाहिली. हरवलेल्या डिस्कवर आता काहीही नव्हतं. 'नदी'सुद्धा नाही.

"आता तिला गटातून काढते," मी म्हटलं.

"काढल्यावर ते मशीन तिले शोधत नाही का मग?"

"नाही."

"बरं," आई म्हणाली. "थकलं असंल ते बी."

मी कमांड दिली. या वेळी जोराचा शब्द लागला नाही. मशीनने एका ओळीत उत्तर दिलं, की गटातून डिस्क काढली आहे. खाली नवी रिकामी ओळ आली. मी पुन्हा गटाची माहिती मागवली. एक डिस्क, इतके भाग, सगळे सुस्थितीत. इशारा नव्हता. मी ते आईला वाचून दाखवलं.

मग ती उठून बाहेरच्या खोलीत आरामखुर्चीत जाऊन बसली. "लाव," म्हणाली.

मी रिमोट तिच्या हातात दिला. तिने शेवटची टिकली चाचपली आणि दाबली.

आधी खिडकी लावल्याचा आवाज आला. मग बाबांचं खाकरणं. त्यांनी पुस्तकाचं नाव वाचलं, लेखकाचं नाव वाचलं, आणि मग पुस्तक मिटून ठेवल्यासारखे बोलले, "हे मोठं हाय बरं. तुह्या बपेऱ्याची नदी नाही, दुसरी हाय. पण नदीच हाय. मले पूर्ण होते का नाही माहीत नाही. वाचतो." आणि ते वाचू लागले. आवाज थकलेला होता. वाक्याच्या मध्ये श्वास घेत होते.

आई भिंतीकडे पाहत ऐकत होती, म्हणजे स्पीकरकडे पाहत होती. लेखकाने पहिल्या मुक्कामाला नदीत पाय सोडून बसल्याचं लिहिलं होतं. बाबा थांबले आणि म्हणाले, "चप्पल कुठं ठेवली ते नाही लिहिलं यानं." आई हसली. हसताना तिने पदर तोंडाला लावला.

मग तिने बटण दाबून आवाज बंद केला.

"पूर्ण झालं का त्याचं?" तिने मला विचारलं. "तू पाहिलं असंल."

मी पाहिलं होतं. शेवटची फाइल अर्ध्या पुस्तकाच्या थोडी पुढे, एका प्रकरणाच्या मधेच संपत होती. "नाही," मी म्हटलं. "पण अर्ध्याच्या पुढे आहे."

बाहेर एक ट्रक हॉर्न देत गेला.

"मग रोज एवढंच लावत जाऊ," आई म्हणाली. "त्या चपलेपर्यंत. म्हणजे सरत नाही." आणि रिमोट मांडीवर ठेवून म्हणाली, "भात टाक. भूक लागली."